बिनउंबरठ्याचा देश

डोंगर दिसला की कुणाला देव आठवतो, कुणाला प्रेम, निदान फोटो तरी काढावासा वाटतो. माझ्या वॉटफर्डच्या घरमालकांना दाढ आठवायची. "हे पाहून घे, खालची अक्कलदाढ. वाकडी येऊन राहिली," असं ते एखाद्या निरुपद्रवी हिरव्या टेकडीकडे बोट दाखवून म्हणत. आवाजात एवढी आपुलकी असे की आता हे टेकडीला आ करायला सांगतात की काय, असं मला वाटायचं.

दंतवैद्य होते ते. जन्म नागपूरचा, तरुणपणी इकडे आले आणि वॉटफर्डलाच राहिले. नोकरी होती तोवर लोकांचे दात काढले, रिटायर झाल्यावर स्वतःचे काढायला लागलो, असं स्वतःच सांगत आणि त्यावर स्वतःच हसत. आयुष्य इंग्लंडात काढूनही बोली तसूभर हलली नव्हती. नागपूरला गेले की भाचेपुतणे त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून घ्यायचे, कारण तिथेही आता असं कुणी बोलत नाही म्हणे.

मी पुण्याहून सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर आले तेव्हा त्यांची बॉक्सरूम भाड्याने घेतली. बॉक्सरूम म्हणजे जिथे माणूस आडवा झाला की खोली संपते. पहिल्या सकाळी खाली आले तर काका किचनमध्ये सायकलचं हेल्मेट घालून पोहे भिजवत होते. पॅंटच्या पायांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले. मी काही विचारलं नाही. पुण्यात आपण दुसऱ्याच्या घरी पहिल्या दिवशी काही विचारत नाही, फक्त बघून ठेवतो.

"काऊन घातलं म्हणून नाही विचारलंस?"

"का घातलंय?"

"डोक्यावर असलं म्हणजे सापडते."

एवढ्यावर आमची ओळख झाली. काकू त्याच्या आधीच गेल्या होत्या. मुलगी इल्फर्डच्या एका शाळेत डेप्युटी हेड, तिचं तिकडेच घर. म्हणजे त्या घरात काका, मी आणि एक हिरवी, जुनी, लोखंडी टूरिंग सायकल. सायकल हॉलमध्ये. तिच्या पुढच्या पिशवीत कायम चिवडा, गूळ-शेंगदाणे आणि एक पिवळा रेनकोट. घराला आग लागली असती तर काकांनी आधी ती बाहेर काढली असती आणि मग दारावर येऊन मला हाक मारली असती. "उठली का?" म्हणाले असते.

नागपूरच्या माणसाला समुद्राचं अप्रूप असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. "पाणी पाहिलं तं फुटाळ्याच्या तलावाचं," ते सांगत. "समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विमानातून, अन् तो पण ढगाखाली." मग एका उन्हाळ्यात ते स्कॉटलंडला सायकल घेऊन गेले आणि तिथे समुद्र डोंगराच्या आत घुसलेला बघितला, आणि माणूस कामातून गेला. तिथे त्या खाड्यांना लॉख म्हणतात. काकांची व्याख्या वेगळी होती. "लॉख म्हणजे समुद्राने डोंगरात केलेली कीड. नॉर्वेचा फियॉर्ड म्हणजे तीच कीड, रूट कॅनालपर्यंत गेलेली." तेव्हापासून दर उन्हाळ्यात ते एक-दोन किडी बघून येत.

चढ ते पाढ्यांत मोजत. टक्के-बिक्के काही नाही. पेडल मारताना मोठ्याने पाढा म्हणायचा, आणि ज्या पाढ्याला दम लागेल तो त्या चढाचा नंबर. वॉटफर्डहून चिल्टर्नच्या टेकड्यांवर जाताना तेराचा, फार तर सतराचा. मागून लायक्राचे घट्ट कपडे घातलेली टोळकी सपकन पुढे जायची आणि वळून बघायची, कारण एक म्हातारा पिवळ्या रेनकोटमध्ये "सतरा सक दोनोदरसे" असं कुणाला तरी रागावत चाललाय.

मला त्यांनी कालव्याच्या काठाने पुन्हा सायकल शिकवली. शाळेत मी चालवायचे, पण मग स्कूटी आली आणि पाय विसरले. शिकवण्याची पद्धत अशी, की ते पुढे निघून जायचे. मी ओरडायचे, "काका, थांबा." ते न थांबता म्हणायचे, "थांबलो तं तू काऊन येशील?" वर सुविचार असायचेच. "घाईत दात काढू नाही अन् घाट चढू नाही." मी म्हणायचे, काका, मला दोन्ही करायचं नाहीये, मला घरी जाऊन झोपायचंय.

तरी एका उन्हाळ्यात गेलेच त्यांच्याबरोबर स्कॉटलंडला. पाऊस असा, की रेनकोटच्या आतूनही पडत होता. एकपदरी रस्ता, मध्ये मेंढ्या, आणि काका प्रत्येक मेंढीला उतरून वाट देणारे. "घर तिचं आहे. आपण पाहुणे." तिसऱ्या चढाला माझा पेशन्स संपला. सायकल गवतात टाकली आणि म्हटलं, "बास. मी परत चालले. स्टेशन कुठे आहे?"

काकांनी चष्मा पुसला, नकाशा बघितला, शांतपणे म्हणाले, "घाटापलीकडे."

काय करणार? रडत-रागवत चढले. वर पोचले तेव्हा खाली ती खाडी, दोन्ही बाजूंना काळे डोंगर, आणि पाण्यावर एकच उजेडाचा पट्टा. काकांनी चिवड्याची पुडी पुढे केली. मी आयुष्यात इतका चांगला चिवडा खाल्लेला नाही, आणि तो मऊ पडलेला होता.

त्या ट्रिपला त्यांनी मला लांबून एक घाट दाखवला. गेलिक नाव आहे, 'बेलाख ना बा'. काकांनी त्याची फोड केली होती. "बेलाख म्हणजे घाट. बा म्हणजे गाईंचा. गाईंचा घाट. सांग आता, हे नाव कुठलं वाटून राहिलं?" समुद्राच्या पातळीवरून निघतो तो थेट ढगात. मी म्हटलं, मग जाऊ या की. तर म्हणाले, "तो राखून ठेवला आहे. एकोणतीसच्या पाढ्याचा आहे तो." माणूस ताटात आवडीचा पदार्थ शेवटच्या घासाला राखतो, तसा त्यांनी तो घाट वर्षानुवर्षं राखला होता. मला तेव्हाही ते पटलं नाही. आवडीचं आधी खाऊन घ्यावं, ताट कुणी उचलून नेईल काय सांगता येतं?

मग मी नोकरी बदलून मेडनहेडला गेले. दिवाळीत फराळाला वॉटफर्डला आले तर काका चहाचा कप घेऊन किचनच्या दारात उभे. उभेच. मला वाटलं, काहीतरी आठवतायत. कप बशीवर थडथड वाजत होता.

"पाय निघून नाही राहिला," ते हसत म्हणाले. "कोणी डिंक लावला बापा."

पार्किन्सन्स. दार आलं की पाय जमिनीला चिकटायचा. मोकळ्या हॉलमध्ये बरे चालत, पण चौकट दिसली की संपलं. मागून कुणी "चला" म्हटलं तर आणखीनच घट्ट. मुलगी इल्फर्डचं घर भाड्याने देऊन त्यांच्याकडे राहायला आली होती. केतकी तिचं नाव. शाळेत रोज शेकडो पोरांच्या सुरक्षिततेची काळजी वाहणारी बाई, तिने घराचंही रिस्क असेसमेंट केलं. गालिचे गेले, जिन्याला दोन्हीकडे कठडे आले, आणि हिरवी सायकल गॅरेजमध्ये कुलपात गेली. किल्ली तिच्या पर्समध्ये. बदल्यात बैठकीच्या खोलीत खिडकीसमोर एक जागच्या जागी चालवायची सायकल आली.

"कवळी आहे ती," काका माझ्या कानात म्हणाले. "दिसते दातासारखी. पेरू खाऊन दाखव म्हणा."

त्यांच्या नर्सने सांगितलं होतं की काही पेशंटना धड चालता येत नाही, पण सायकल मात्र मस्त चालवता येते, मेंदूची काहीतरी गंमत आहे. काकांनी त्यातलं 'सायकल मस्त' एवढंच ऐकलं. केतकीने 'काही पेशंट' एवढंच ऐकलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि दोघांत बोलणं कमी होत चाललं होतं. काकांना गाईंच्या घाटात जायचं होतं, आता, पाय आहेत तोवर. केतकीला बाप हवा होता. यात मी काय बोलणार?

केतकी वडिलांशी इंग्रजीत बोलायची, पण माझ्याशी हट्टाने मराठी. प्रॅक्टिस म्हणून. व्याकरण तिचं स्वतःचं होतं. टेबल ती, खुर्ची तो, आणि स्वतः जशी वेळ येईल तशी. मला गोड वाटायचं. एका शनिवारी सकाळी तिचा फोन आला तोपर्यंत.

"बाबा गेला," ती म्हणाली, आणि हुंदका.

मी होते तिथे खाली बसले. गॅसवर दूध होतं ते उतू गेलं, मला दिसत होतं आणि उठवत नव्हतं. काकांचं हेल्मेट डोळ्यांपुढे आलं.

"कधी गेले गं?"

"आज सकाळी. मला काही सांगितला पण नाही."

"कसं सांगतील? कशाने गेले?"

"ट्रेननी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ट्रेननी म्हणजे?"

"ट्रेननी. इन्व्हर्नेसला. सायकल घेऊन."

मी डोळे पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या मुलीवर ओरडले. "अगं केतकी, गेले म्हणू नये. बाहेर गेलेत म्हण. स्कॉटलंडला गेलेत म्हण. काहीही म्हण, पण नुसतं गेले म्हणू नकोस."

"बट ही'ज गॉन," ती म्हणाली आणि परत रडायला लागली. मग मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता मीही परत रडले.

गॅरेजचं कुलूप काकांनी दात तपासायच्या हुकाने उघडलं होतं. "जन्मभर लोकांच्या दाढा कोरल्या, कुलूप काय चीज आहे," हे नंतर मला सांगितलं, आणि सांगताना अजिबात लाज नव्हती. स्टेशनवर रॅम्प लावायला माणूस, सायकलला टेकून चालायचं, दार आलं की जो असेल त्याला "गिव्ह मी अ पुश, यंग मॅन" म्हणायचं. असा माणूस स्कॉटलंडच्या दुसऱ्या टोकाला पोचला.

केतकी आणि मी दुसऱ्या दिवशी ल्यूटनहून विमानाने मागोमाग. पुढे भाड्याची गाडी. तिच्या फोनवर काकांच्या फोनचा ठिपका दिसत होता. तो ठिपका एका लॉखच्या काठाशी येऊन थांबला आणि हलेचना. केतकी गाडी हाणत होती. मेंढ्या स्वतःहून बाजूला होत होत्या.

लॉखच्या काठी एक लहानसा कॅफे. बाहेर हिरवी सायकल भिंतीला टेकवलेली. आणि दारात काका, हेल्मेट घातलेले, एक हात चौकटीवर. चहा प्यायला आत गेले होते, पिऊन झाला होता, आता बाहेर येता येत नव्हतं. त्यांच्या मागे कॅफेची मालकीण बाई हातात दोन प्लेटा घेऊन उभी. घाई अजिबात नाही. "टेक युअर टाइम, डिअर," ती म्हणत होती. काका तिला सांगत होते की मी फक्त व्ह्यू बघतोय.

"बाबा, कम ऑन. जस्ट वॉक." केतकीने हात धरला. काका आणखी घट्ट झाले. चेहऱ्यावर ते हसू होतं, पण ओठ थरथरत होता. मला ते बघवेना. म्हटलं निदान सायकल तरी वाटेतून काढू, म्हणून ती ओढली, तर दांड्याला लावलेला हवा भरायचा पंप निसटला, घरंगळत गेला आणि दाराच्या मधोमध आडवा पडला.

काकांनी खाली बघितलं. उजवा पाय उचलला, चांगला उंच, देवळात जाताना उचलतात तसा. पंपाला न शिवता पलीकडे ठेवला. मग डावा. आणि बाहेर आले.

आम्ही तिघंही पंपाकडे बघत राहिलो.

"उंबरठा," काका म्हणाले. "अगं, उंबरठा पाहिजे होता. या देशात बापा सगळं आहे. उंबरठाच नाही. मग माणूस ओलांडणार काय?"

मालकीण बाईने प्लेटा टेबलावर ठेवल्या, पंप उचलून काकांना दिला आणि आत गेली.

मग बाहेरच्या बाकावर बापलेकीचं जे व्हायचं ते झालं. केतकी म्हणत होती, गाडीत बस. काका म्हणत होते, एकदा सायकलवर बसू दे, पाहून घे, मग ने मला कुठे न्यायचं तिथे.

"आणि पडलास तर?" ती पहिल्यांदाच त्यांच्याशी मराठीत बोलत होती. "मी एकटा आहे, बाबा. तू गेला तर मला कोण आहे?"

आता तिने 'गेला' बरोबर वापरलं होतं, आणि ते कुणालाच हवं नव्हतं. काका लॉखकडे वळले.

"तू मले खिडकीसमोर बसवून जातेस ना रोज," ते म्हणाले, "तिथे मी पण एकटाच असतो, पोरी. अन् तिथे मी रोज थोडा जाऊन राहिलो."

केतकीने सायकल धरली. काकांनी भिंतीला हात टेकून पाय टाकला, एक पेडल मारलं, दुसरं मारलं, आणि निघाले. जो माणूस दारातून बाहेर पडू शकत नव्हता तो लॉखच्या काठाने सरळ रेषेत चालला होता. हात थरथरत नव्हता. पाठ ताठ. वळणावर त्यांनी घंटी वाजवली, समोर कुणी नव्हतं तरी.

"हा माझा जुना बाबा आहे," केतकी म्हणाली. आणि मग गाडीत बसून स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

आम्ही त्यांना घाटाच्या पायथ्याशी गाठलं. तिथे मोठी पाटी आहे. नवशिक्या ड्रायव्हरांनी जाऊ नये, मोठ्या गाड्यांनी जाऊ नये, कॅरॅव्हॅनने जाऊ नये. काका ती मन लावून वाचत होते.

"म्हाताऱ्यांबद्दल काही नाही लिहिलं," ते म्हणाले.

पण वर ढग खाली आले होते, घाटाचा अर्धा भाग दिसतच नव्हता, आणि वारा असा की गाडीचं दार उघडेना. केतकीने एकच वाक्य उच्चारलं. "नो. उद्या घरी." काकांनीही वाद घातला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. सायकल गाडीच्या मागे अर्धी आत अर्धी बाहेर बांधली आणि जवळच्याच गावात एका घरगुती बी अँड बीमध्ये उतरलो. जेवताना काका बटाट्याकडे बघत होते. मी उगाच बोलत होते, कुणीतरी बोलायला हवं म्हणून.

सकाळी उठले तर खिडकीबाहेर सगळं लखलखीत. ढगाचा पत्ता नाही. लॉख इतका स्वच्छ की पलीकडचा डोंगर पाण्यात उलटा दिसत होता. मी खाली धावले. घराबाहेर गाडी उभी, तिची डिकी उघडी, केतकीची बॅग आत. आणि शेजारी सायकल, खाली उतरवून ठेवलेली. कुणी उतरवली ते कळेना. काकांनी तर नक्कीच नाही, कारण काका आतल्या बाजूला, पुढच्या दारात अडकले होते.

पिवळा रेनकोट, हेल्मेट, चिमटे, सगळं जागच्या जागी. फक्त पाय निघत नव्हता. मी पंप आणायला सायकलकडे वळणार, तेवढ्यात केतकी बाहेरून आली. हाताला सायकलचं काळं तेल लागलेलं. तिने मला हाताने थांबवलं. वडिलांकडे बघितलं, घाटाकडे बघितलं, परत वडिलांकडे बघितलं. मग ती डेप्युटी हेड, ऑफिसच्या चांगल्या पॅंटमध्ये, त्या दारात खाली बसली आणि चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय पसरले.

"ओलांड," ती म्हणाली.

काका तिच्याकडे बघत राहिले. पाय उचलला नाही. मान हलवली.

"पोराले ओलांडू नाही."

"काय?"

"ओलांडू नाही, केतकी. वाढ खुंटते."

तिने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, आपल्याकडे लहान मूल आडवं असलं तर त्याच्यावरून पाय टाकून जात नाहीत. त्याची उंची वाढायची थांबते म्हणतात. लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तिने कधी ऐकलं नसावं, कारण या देशात कुणी जमिनीवर झोपत नाही. तिला हसू आलं आणि डोळे भरले, दोन्ही एकदम.

"बाबा," ती म्हणाली, "मी चाळीसच्या वर आहे. झाला माझा वाढ."

"माझी," काका म्हणाले. "वाढ ती असते. झाली माझी वाढ."

आणि बोलता बोलता तिला ओलांडून बाहेर गेले.